टायरची डबल एन्ट्री

दीडशे रुपयांची चप्पल घ्यायला गेलेला मराठी माणूस पाहण्यासारखा असतो. तो ती पायात घालून दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन येरझाऱ्या घालतो. अंगठा दाबून बघतो, टाच आपटून बघतो, तळवा उलटा करून त्यावरच्या नक्षीवर नख ओढतो आणि शेवटी दुकानदाराला विचारतो, "पावसात घसरणार नाही ना?" हाच माणूस आठ लाखांची मोटार घेतो तेव्हा तिच्या पायात काय आहे याची चौकशी करायचं त्याला सुचतही नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. बँकेत वाहनकर्जाची कागदपत्रं माझ्या टेबलावरून जातात. कोटेशन घेऊन येणाऱ्या कुटुंबाची त्या गाडीवर पीएच.डी. झालेली असते. कर्त्या पुरुषाला ॲव्हरेज पाठ असतं. बाईसाहेबांनी रंग ठरवलेला असतो आणि त्याच रंगाची गाडी धाकट्या जावेने घेतल्यामुळे तो बदललेलाही असतो. चिरंजीव डॅशबोर्डवरच्या पडद्याचे इंच सांगतात. आजोबा नंबरप्लेटच्या आकड्यांची बेरीज शुभ येते की नाही ते बोटांवर मोजत असतात. सीटकव्हर, पायाखालची मॅटं, काचेपुढचा गणपती या सगळ्यांवर घरात चर्चासत्रं झालेली असतात. पण "या गाडीला टायर कुठले येतात हो?" असं विचारणारा माणूस माझ्या टेबलापर्यंत अजून पोचलेला नाही. टायर 'कंपनी-फिटेड' आहेत ना, मग झालं!

या 'कंपनी-फिटेड' शब्दावरची आपली श्रद्धा सत्यनारायणाच्या खालोखाल आहे. वस्तुतः त्याचा अर्थ एवढाच, की ती वस्तू तुमच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी निवडली. उदाहरणार्थ, बँकेच्या काउंटरवर दोरीने बांधलेलं पेन. तेही कंपनी-फिटेडच असतं. ज्या माणसाने ते निवडलं त्याला त्या पेनाने कधीही लिहायचं नव्हतं. त्याला लाखभर पेनं हवी होती, स्वस्त हवी होती आणि दोरी बांधायला भोक हवं होतं. पेन लिहितं, नाही असं नाही. पण उत्तम लिहिणं ही त्याच्या निवडीतली सहावी किंवा सातवी अट होती.

मोटारीच्या टायरचं थोडंफार असंच. कारखाना लाखांनी टायर मागवतो आणि टायरवाल्याला अटी घालतो. टायर हलका हवा, आवाज न करणारा हवा, बसणाऱ्याला मऊ वाटणारा हवा, चाचणीत ॲव्हरेजचा आकडा चांगला दाखवणारा हवा, आणि अर्थातच स्वस्त हवा. ओल्या रस्त्यावरची पकड ही त्यातली एक अट झाली. या सगळ्या अटी एकमेकींच्या सवती आहेत. एकीला खूश करावं तर दुसरी रुसते. रबराचं मिश्रण घरंगळायला हलकं करावं तर ओल्या डांबरावर चिकटणं कमी होऊ शकतं, आणि नक्षी उथळ करावी तर आयुष्य कमी होतं. म्हणजे कारखान्याने दिलेला टायर वाईट असतो असं मुळीच नाही. ती एक तडजोड असते, आणि ती करताना आपल्याला बोलावलेलं नसतं.

आम्हा कॉमर्सवाल्यांना पहिल्या वर्षी एकच मंत्र शिकवतात: जेवढं जमा, तेवढंच कुठेतरी नावे. डबल एन्ट्री. एका खात्यात पैसा वाचला तर तो कुणाच्या तरी खात्यातून गेलेला असतो. बाकीचं कॉमर्स मी विसरलो, पण टायरचा इतिहास वाचताना हा मंत्र पावलोपावली आठवला. मोटार कितीही मोठी असो, तिचा रस्त्याशी संबंध येतो तो चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणची जागा साधारण एका तळहाताएवढी. चार तळहात! ब्रेक, स्टिअरिंग, तुमचं कौशल्य आणि काचेपुढचा गणपती, सगळ्यांना काय करायचं ते या चार तळहातांतूनच करायचं. इथे केलेली बचत नावे पडते तेव्हा फार महागात पडते.

कारखान्याने दिलेली चाकं नाकारून वेगळी बसवण्याचा पहिला गाजलेला प्रयोग एका बापाने केला. १८८८ साली बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाचे गुरांचे डॉक्टर राहत. त्यांच्या मुलाच्या तीनचाकी सायकलला भरीव रबराच्या धावा होत्या आणि शहरातले रस्ते दगडी होते. पोराची हाडं खिळखिळी होताना पाहून डॉक्टरांनी रबराची नळी केली, तिच्यात हवा भरली, ती कापडात गुंडाळली आणि चाकावर चढवली. (हवेने फुगलेली वस्तू किती भार पेलते याचं निरीक्षण करायला गुरांच्या डॉक्टरइतकी संधी कुणाला मिळते? हा माझा आपला तर्क.) पुढच्याच वर्षी विली ह्यूम नावाचा सायकलपटू असे टायर लावून बेलफास्टच्या शर्यतीत उतरला. ती फुगीर चाकं पाहून लोक हसले, आणि शर्यती ह्यूमने जिंकल्या. डनलॉपना पेटंट मिळालं खरं, पण मागाहून कळलं की हवेच्या टायरचं पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या गृहस्थाने १८४५ सालीच घेऊन ठेवलं होतं. त्यामुळे डनलॉपचं पेटंट रद्द झालं. थॉमसनची कल्पना सायकल जन्मण्याआधीच जन्मली, म्हणून विसरली गेली. सरकारी कचेरीत लवकर गेलेल्या माणसाचं असंच होतं.

मोटारीचं पाऊल हवेवर पडलं ते १८९५ साली. फ्रान्समधल्या आंद्रे आणि एदुआर मिशेलिन या भावांनी पॅरिस ते बोर्दो आणि परत अशा जवळजवळ १२०० किलोमीटरच्या शर्यतीत हवेचे टायर लावलेली गाडी उतरवली. असली चाकं लावून गाडी चालवायला दुसरं कुणी तयार होईना, म्हणून दोघे भाऊ स्वतःच बसले. वाटेत पंक्चरांची माळ लागली. सगळ्यांच्या आधी परत पोचलेला लव्हासॉर भरीव रबरावरच धावत होता. पण शर्यत हरूनही भावांचा मुद्दा सिद्ध झाला. थोड्याच वर्षांत सगळ्या मोटारी हवेवर आल्या.

यानंतरचं अर्धं शतक ज्या टायरचं होतं त्याला आपण नायलॉन टायर म्हणतो आणि जाणकार 'क्रॉस-प्लाय' म्हणतात. त्याची रचना समजावून घ्यायला आजोळची नवारीची खाट आठवावी. टायरच्या रबरात आधाराला दोऱ्यांचे थर असतात. क्रॉस-प्लायमध्ये एक थर तिरपा असा, तर दुसरा तिरपा तसा, एकमेकांना छेदून जातो. वीण मजबूत होते, यात शंका नाही. पण खाटेच्या एका कोपऱ्यात मामा बसले की दुसऱ्या कोपऱ्यातला भाचा वर येतो! टायरचंही तेच. वळणावर टायरची बाजू वाकली की रस्त्याला टेकलेला पृष्ठभागही तिच्याबरोबर ओढला जातो आणि तळहातातली एक कड उचलली जाते. शिवाय तिरपे थर एकमेकांवर घासत राहतात, आणि घासण्यातून उष्णता निघते. उष्णता हा टायरचा मधुमेह आहे. वरून दिसत नाही, आतून पोखरत राहतो.

यावरचा उपाय ज्याने काढला त्याची हकिगत बँकवाल्याने तरी डोळ्यांत पाणी आणून वाचावी अशी आहे. मारियुस मिन्योल हा माणूस मिशेलिनच्या कारखान्यात छापखान्याच्या कामाला लागला. इंजिनीअरिंगचं शिक्षण नाही. पुढे त्याला परदेशी विक्रीच्या खात्यात टाकलं. तिथे निरनिराळ्या देशांच्या चलनांचे हिशेब करून तो कंटाळला आणि त्याने स्वतःपुरती एक सरकपट्टी तयार केली. पट्टी सरकवली की चलनाचं रूपांतर हजर. ती पट्टी एदुआर मिशेलिनच्या नजरेला पडली आणि 'हा माणूस इथे काय करतोय?' म्हणून मालकाने त्याला संशोधन विभागात पाठवलं, अशी गोष्ट सांगतात. परकीय चलनाच्या हिशेबाला कंटाळलेली माणसं आमच्याकडेही पुष्कळ आहेत. त्यांना कुणी संशोधन विभागात पाठवत नाही. फार तर गडचिरोलीला पाठवतात.

मिन्योलने खाटेचा नाद सोडला आणि बैलगाडीचं चाक घेतलं, असं आपण म्हणू. (त्याने बैलगाडी मनात आणली असेल असं नाही, पण आपल्याला समजायला ती बरी.) बैलगाडीच्या चाकात मधल्या तुंब्यापासून निघालेले आरे सरळ परिघाकडे जातात आणि वरून लोखंडी धाव बसवलेली असते. नव्या टायरमध्ये दोऱ्या तिरप्या न जाता आऱ्यांसारख्या काटकोनात सरळ गेल्या, आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचा पट्टा धावेसारखा फिरला. झालं काय, की बाजूचं काम बाजूने करावं आणि तळाचं काम तळाने, अशी वाटणी झाली. वळणावर बाजू वाकली तरी तळ रस्त्यावर सपाट राहू लागला. घासणं कमी, म्हणून उष्णता कमी. झीज कमी, म्हणून आयुष्य जास्त. हा रेडियल टायर. १९४६ साली मिशेलिनने त्याचं पेटंट मागितलं आणि १९४९ साली 'एक्स' या नावाने तो बाजारात आला.

टायरच्या बाजूवर '१६५/८० आर १४' असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातला 'आर' म्हणजे रेडियस, असं शंभरातले नव्वद लोक सांगतात. उरलेले दहा आपल्याकडे बघून नुसतेच हसतात. तो 'आर' रेडियलचा आहे. आऱ्यांचा म्हटलं तरी चालेल!

आता प्रश्न असा, की हा शोध फ्रान्समध्येच का लागला? मोटारींची राजधानी तर अमेरिकेत, डेट्रॉइटला होती. याचं एक उत्तर मला खतावणीत सापडतं. १९३४ च्या डिसेंबरात सित्रोएन ही फ्रेंच मोटार कंपनी दिवाळखोरीत निघाली. तिचा सर्वांत मोठा धनको होता मिशेलिन. कर्ज बुडतंय म्हटल्यावर मिशेलिनने कंपनीच ताब्यात घेतली. म्हणजे मोटार आणि टायर एका वहीत आले. टायर महाग झाला तरी गाडी चांगली चालली की फायदा घरातच! डेट्रॉइटला दोन वेगळ्या वह्या होत्या. मोटारवाला टायरच्या किमतीत दमड्या मोजत होता आणि टायरवाला नव्या रचनेसाठी नवी यंत्रं घ्यायला राजी नव्हता. शिवाय अमेरिकन गाड्यांच्या स्प्रिंगा जुन्या लुसलुशीत टायरला धरून बेतलेल्या. रेडियल लावला की कमी वेगाला खडखड जाणवे. गिऱ्हाइकाला गादी हवी, पकड नको, अशी दोघांनी सोयीस्कर समजूत करून घेतली.

या दोन वह्यांच्या कारभाराचा पहिला मोठा बोभाटा १९६५ साली झाला. राल्फ नेडर नावाच्या तरुण वकिलाचं 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक त्या वर्षी आलं. त्याचं पहिलंच प्रकरण शेव्हरोले कॉर्व्हेअर या गाडीवर होतं. गाडीचं इंजिन मागे, आणि मागच्या चाकांची बांधणी अशी की जोरात वळताना चाकं आत दुमडून गाडीची मागची बाजू फेकली जायची भीती. हे टाळायला पुढे एक पोलादी कांब लावता आली असती. सुरुवातीच्या गाड्यांत ती नव्हती. त्याऐवजी कंपनीने सांगितलं, पुढच्या टायरमध्ये दर चौरस इंचाला १५ पौंड हवा ठेवा आणि मागच्या टायरमध्ये २६ पौंड. म्हणजे कांबेची किंमत कंपनीच्या वहीत वाचली आणि काळजी गिऱ्हाइकाच्या नावे पडली. आता विचार करा, हवा भरणाऱ्या पोऱ्याला पुढे १५ आणि मागे २६ हे कोण सांगणार? आपल्याकडे पेट्रोल पंपावर तो "किती?" असं विचारतो, आपण "तीस" म्हणतो, आणि तो स्टेपनीसकट सगळ्यांना सारखाच न्याय देतो. अमेरिकेतला पोऱ्याही पोऱ्याच.

न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगतो, की १९७२ मध्ये अमेरिकन सरकारच्याच तपासणीत ही गाडी त्या काळच्या इतर गाड्यांहून जास्त धोकादायक नव्हती असा निष्कर्ष निघाला. पण तोवर कांब १९६४ पासून बसलीच होती, १९६५ च्या गाडीत मागची बांधणीही सुधारली होती आणि १९६६ मध्ये वाहन-सुरक्षेचा कायदा झाला होता. एका गाडीवरचा आरोप सौम्य ठरला तरी त्याच्या धाकाने सगळ्यांच्या गाड्या सुधारल्या. आमच्या ऑफिसात इन्स्पेक्शनची नुसती अफवा आली तरी कपाटं आवरली जातात, त्यातलाच प्रकार.

गंमत अशी, की कारखाने ढिम्म असताना गिऱ्हाईक मात्र हललं. सिअर्स या अमेरिकन दुकानांच्या साखळीने १९६६ पासून मिशेलिनकडून रेडियल बनवून घेऊन आपल्या नावाने विकायला सुरुवात केली. १९६८ साली ग्राहकांच्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' मासिकाने रेडियलच्या दीर्घायुष्याची ग्वाही दिली. लोक नव्या गाडीचे टायर झिजले की दुकानात जाऊन रेडियल चढवू लागले. शेवटी १९७० च्या लिंकन कॉन्टिनेंटल मार्क थ्री या अमेरिकन गाडीला कारखान्यातूनच रेडियल लागले. मग १९७३ चं तेलसंकट आलं, रेडियलवर पेट्रोलही कमी लागतं हे सर्वांना एकदम आठवलं, आणि जो तो रेडियल म्हणू लागला.

घाईने केलेली गोष्ट मात्र नडते. फायरस्टोन कंपनीने '५००' नावाचा रेडियल काढला, तो जुन्याच यंत्रांमध्ये फेरफार करून. त्याचा वरचा थर सुटू लागला, माणसं मेली, आणि १९७८ मध्ये लाखो टायर परत घ्यावे लागले. बावीस वर्षांनी तेच नाव पुन्हा वर्तमानपत्रांत आलं. या वेळी बरोबर फोर्डही होती.

फोर्डची एक्स्प्लोरर ही उंच, दणकट दिसणारी गाडी १९९० साली बाजारात आली. तिला कारखान्यातूनच फायरस्टोनचे टायर होते. हवा किती ठेवायची? फोर्डने सांगितलं, २६ पौंड. उंच गाडी कलंडू नये आणि बसणाऱ्यालाही मऊ वाटावं, यासाठी हा कमी आकडा. पुन्हा तेच! गाडीच्या बांधणीतला प्रश्न टायरमधल्या हवेवर सोडवला. हवा कमी म्हणजे टायरची बाजू जास्त वाकणार, जास्त वाकली म्हणजे जास्त तापणार. त्यात टेक्सास, फ्लोरिडासारख्या राज्यांतला उन्हाळा, भरलेली गाडी आणि हमरस्त्यावरचा वेग. टायरचा वरचा थर सोलून निघायचा आणि गाडी कोलांट्या खायची. ऑगस्ट २००० मध्ये ६५ लाख टायर परत बोलावले गेले. पुढच्या मे महिन्यात फोर्डने आणखी १ कोटी ३० लाख टायर स्वखर्चाने बदलायचं जाहीर केलं. अमेरिकन सरकारने मोजलेले मृत्यू २७१.

या आकड्याशी थोडं थांबायला हवं. ही माणसं शर्यत खेळत नव्हती. सुटीला निघालेली, कामावरून परतणारी, मागच्या सीटवर पोरं झोपलेली, अशी ही आपल्यासारखीच माणसं. त्यांनी कुणीही टायर निवडले नव्हते. गाडीबरोबर आले तेच त्यांनी वापरले आणि दारावरच्या चिकटपट्टीवर जो आकडा होता तेवढीच हवा भरली. सगळं नियमाप्रमाणे केलं.

दोन कंपन्यांचं भांडण मात्र आपल्याकडच्या लग्नघरात शोभावं असं झालं. फोर्ड म्हणाली, दोष टायरचा. फायरस्टोन म्हणाली, दोष गाडीचा. हार्वे फायरस्टोनने हेन्री फोर्डला टायर विकले ते १९०६ साली, तेव्हापासूनचा हा घरोबा. इतका, की फोर्डचे त्या वेळचे अध्यक्ष बिल फोर्ड यांची आई ही हार्वे फायरस्टोनची सख्खी नात! म्हणजे भांडण आजोळशी. मे २००१ मध्ये फायरस्टोनने फोर्डला यापुढे टायर देणार नाही असं कळवून टाकलं, आणि जवळजवळ शंभर वर्षांची सोयरीक मोडली. चौकशीत टायरच्या रचनेतला आणि एका कारखान्यातल्या उत्पादनातला दोष निघाला. हवेच्या आकड्याचा वाद चालूच राहिला. जमा कुणाच्या वहीत होतं यावर पुष्कळ कागद खर्ची पडला. नावे कुणाच्या पडलं ते ठाऊकच होतं.

आता आपल्याकडे येऊ. भारतात मोटारींचे रेडियल १९७७ पासून बनू लागले, पण ॲम्बॅसॅडर आणि पद्मिनीच्या पायांत नायलॉनच टिकून होते. माझ्या मामांची प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली. १९९२ साली टायर बदलायची वेळ आली तेव्हा मामांनी रेडियल घ्यायचं ठरवलं. मामी म्हणाली, "चाकं गोल आहेत ना? मग झालं तर! तेवढ्या पैशांत मिक्सर येईल." मामांनी मिक्सर न आणता टायर आणले. पहिले आठ दिवस तक्रारीच होत्या. गाडी उभी असताना स्टिअरिंग जड लागे, खड्ड्यांतून दणके जास्त बसत. मामी मिक्सरचं नाव न घेता पाट्यावर चटणी वाटत असे, पण वाटण्याचा आवाज पूर्वीपेक्षा मोठा येई.

त्या जुलैत आम्ही कसारा घाटातून नाशिकला चाललो होतो. पाऊस असा, की वायपर नुसती सहानुभूती दाखवत होते. एका वळणापलीकडे बंद पडलेला ट्रक उभा होता. मामांनी ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, तोंड न फिरवता, ट्रकच्या मागच्या फळीपासून दोनेक हातांवर थांबली. 'हॉर्न ओके प्लीज' ही अक्षरं एवढ्या जवळून मी पुन्हा कधी वाचली नाहीत. इगतपुरीला चहा घेताना मामी एवढंच म्हणाली, "मिक्सर दिवाळीला घेऊ."

ती गाडी जुन्या टायरवर थांबली नसती असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही. हीच चांगल्या टायरची पंचाईत आहे. मिक्सर घेतला तर मिक्सर दिसतो. टायरचे पैसे ज्या कारणी लागतात ती गोष्ट घडलेलीच नसते. न झालेल्या अपघाताची पावती मिळत नाही, आणि पावती नसलेल्या खर्चाला कुठलाच ऑडिटर मंजुरी देत नाही. घरातला तर नाहीच नाही.

मग आता आज दुपारीच जाऊन टायर बदलावेत का? धीर धरा. इथेही डबल एन्ट्री आहेच. जास्त पकडीचा टायर घेतलात तर ॲव्हरेज थोडं कमी होईल, ते तुमच्या नावे. शेजाऱ्यासारखे रुंद टायर लावलेत तर पाणी साचलेल्या रस्त्यावर ते तरंगायची भीती जास्त. टायर बदलायचा तर मापाला धरून बदलावा. चाकाचा एकूण व्यास तीन टक्क्यांहून जास्त बदलला तर स्पीडोमीटर थापा मारायला लागतो. मापापुढे '८५ टी' असं काही लिहिलेलं असतं. ८५ म्हणजे एक टायर ५१५ किलो पेलतो, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत चालतो. हे आकडे मूळच्यापेक्षा खाली येता कामा नयेत. दोनच नवे घेणार असाल तर ते मागे लावावेत. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी करून सावरता येते. मागचे घसरले तर गाडी गिरकी घेते. टायरवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे त्याची जन्मपत्रिका: '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायरला कायद्याने निवृत्ती आहे, आणि त्याला मुदतवाढ मिळत नाही.

आणि हवा बघा. पंपावरच्या पोऱ्याचा "किती?" हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, तेव्हा झिजलेले टायर तपासायची मोहीम आरटीओला रस्त्यावर उभं राहून काढावी लागली. वेग नवा, काँक्रीट तापलेलं आणि टायर मात्र गावातल्या गावात फिरण्याच्या लायकीचे, असा तो मामला होता. तुमच्या डॅशबोर्डवर कधी घोड्याच्या नालेत उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा लागला तर तो टायरमधल्या हवेचा आहे. एक्स्प्लोररच्या त्या अपघातांनंतर, नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेने कायदा केला, तेव्हापासून तो दिवा घरोघरच्या गाड्यांत येऊ लागला. २७१ माणसांच्या नावे पडलेल्या रकमेतली जी काही थोडी परत आली, ती या दिव्याच्या रूपाने.

मध्यंतरी हे सगळं मी आमच्या साहेबांच्या कानावर घातलं. म्हटलं, साहेब, आपण वाहनकर्जात विमा धरतो, नोंदणी धरतो, सीटकव्हरसुद्धा धरतो. मग गिऱ्हाइकाला नव्या गाडीचे टायर बदलून चांगले घ्यायचे असतील तर तेवढ्या फरकाचा एक रकाना अर्जात का नसावा?

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "टायरचं तारण काय धरणार?"

मी म्हटलं, "साहेब, तारण नाही. तारणहार म्हणून धरायचा."

साहेबांनी चष्मा पुन्हा लावला आणि तो विषय मुख्य कार्यालयाच्या अभिप्रायासाठी बाजूला ठेवला.